कॅम्पेनचा सेगमेंट एडिट करावा की नवा बनवावा? आणि जुना डिलीट केला तर नेमके काय जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातून आंबा ऑनलाइन विकणारा छोटा व्यवसाय. दर हंगामात जाहिराती चालवल्या, प्रत्येक वेळी गुगल ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटवरची ये-जा मोजणारे साधन) त्या कॅम्पेनचे सेगमेंट बनवले. आता त्यांचा ढीग झालाय. काही चुकीचे आहेत ते दुरुस्त करायचेत, बाकीचे काढून टाकायचेत. असे केले तर जुना डेटा उडेल का? आधी दिलेले रिपोर्ट बदलतील का?

डेटा उडणार नाही. रिपोर्ट मात्र बदलू शकतात, आणि गंमत म्हणजे ते डिलीट केल्यापेक्षा एडिट केल्याने जास्त बिघडतात. डिलीटच्या बटणापाशी सगळ्यांचा हात थरथरतो, एडिट करताना कोणी दोनदा विचार करत नाही. चौदा वर्षे हेच काम करतोय, आणि निस्तरायला लागलेल्या भानगडींपैकी बहुतेक 'जरा एक अट बदलली' यातून सुरू झालेल्या होत्या.

सेगमेंट म्हणजे चाळणी. धान्य वेगळे, चाळणी वेगळी. वेबसाइटवर कोण आले, कुठून आले, काय विकत घेतले हा डेटा म्हणजे कोठारातले धान्य. सेगमेंटमध्ये यातला एक दाणाही साठवलेला नसतो. त्यात फक्त अट लिहिलेली असते: 'पाडवा कॅम्पेनमधून आलेले', 'मोबाइलवरून पेटी घेतलेले' वगैरे. तुम्ही रिपोर्ट उघडता तेव्हा सॉफ्टवेअर ती चाळणी घेऊन कोठारात जाते आणि नव्याने चाळून आणते. म्हणून चाळणी फेकली तरी धान्य जात नाही. पण चाळणीची भोके मोठी केली, तर पुढच्या वेळी मागच्या वर्षीचे धान्यसुद्धा नव्या भोकांतूनच चाळले जाणार.

हे मी कसे शिकलो ते सांगतो, चूक माझीच होती. दिवाळी फराळ विकणारा एक क्लायंट होता. सप्टेंबरात त्यांना ऑगस्टचा रिपोर्ट छापून दिला होता. ऑक्टोबरच्या मीटिंगच्या आदल्या दुपारी लक्षात आले, की सेगमेंटमध्ये आमच्याच ऑफिसमधून दिलेल्या चाचणीच्या ऑर्डरी मोजल्या जातायत. मी त्याच सेगमेंटला एक वगळण्याची अट लावली, दोन मिनिटांचे काम. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी माझा जुना कागद आणि स्क्रीनवरचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला आणि शांतपणे विचारले, "ऑगस्ट तर संपलाय ना? मग ऑगस्टच्या ऑर्डरी आता कमी कशा झाल्या?" माझा नवा आकडा बरोबर होता. पण त्या दिवसापासून पुढचे सहा महिने माझा प्रत्येक आकडा त्यांनी स्वतःच्या वहीशी ताडून पाहिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

हिशेब लिहिणारी जुनी माणसे चोपडीत खाडाखोड करत नाहीत. चुकीची नोंद तशीच ठेवतात, खाली उलटी नोंद करतात आणि मग बरोबर नोंद लिहितात. सेगमेंटचेही तेच. ज्या सेगमेंटवरून एकदा जरी कोणाला आकडा सांगितला असेल, त्याला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढा, प्रतीत दुरुस्ती करा, नावात दुरुस्तीची तारीख घाला. जुन्याच्या नावापुढे 'बंद' लिहा. कोणी विचारले तर दोन्ही चाळण्या समोर ठेवता येतात आणि फरक कशाने पडला ते दाखवता येते. जो सेगमेंट अजून फक्त तुम्हीच पाहिलाय, तो मात्र खुशाल शंभरदा एडिट करा.

आता जागा कुठली ते. जीए४ मध्ये, म्हणजे गुगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, सेगमेंट एक्सप्लोरेशनमध्ये (आपण स्वतः जुळवतो त्या रिपोर्टमध्ये), डावीकडच्या व्हेरिएबल्सच्या रकान्यात असतात. नावावर माउस नेला की तीन ठिपके दिसतात, एडिट आणि काढणे तिथून. इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. एका एक्सप्लोरेशनमध्ये अनेक टॅब असू शकतात आणि व्हेरिएबल्सचा रकाना सगळ्या टॅबना सामाईक असतो. तुम्ही 'फनेल'च्या टॅबमध्ये बसून सेगमेंट बदलला, की शेजारच्या टॅबमधला तक्ताही बदलतो, तुम्ही तिकडे पाहिले असो वा नसो. त्याच्या शेजारच्या टॅब सेटिंग्जच्या रकान्यात जी सेगमेंटची यादी असते, ती त्या टॅबपुरती. एखाद्या तक्त्यातून सेगमेंट नुसता बाजूला करायचा असेल तर तिथून काढा. व्हेरिएबल्समधून काढलात तर सगळीकडून गेला. चुकून काढलाच तर पान बंद करण्याआधी वरचा अन्डूचा बाण दाबा, बहुतेक वेळा काम होते.

एक्सप्लोरेशन दुसऱ्याला शेअर केले असेल तर त्याला ते फक्त पाहता येते, बदलायचे असेल तर आधी स्वतःची प्रत काढावी लागते. हे चांगलेच आहे. पण याचा अर्थ असाही होतो की त्या माणसाने प्रत काढल्यानंतर तुम्ही मूळ सेगमेंट दुरुस्त केला, तर त्याची प्रत जुन्याच अटीवर चालत राहते. एकाच नावाचे दोन सेगमेंट, दोन वेगळे आकडे, आणि दोघेही शपथेवर सांगणार की माझाच बरोबर. ऑफिसातली निम्मी भांडणे इथली.

आता खरा गुंता. 'चुकीचे सेगमेंट दुरुस्त करायचेत' असे तुम्ही म्हणता, पण माझा अंदाज आहे की त्यातले काही चुकीचे नसतील, फक्त वेगळा प्रश्न विचारत असतील. जीए४ मध्ये सेगमेंट तीन जातींचे: युजर (माणूस), सेशन (एक भेट) आणि इव्हेंट (भेटीतली एक कृती). शिवाय कॅम्पेन हा शब्दही तिथे एकापेक्षा जास्त अर्थांनी येतो. 'फर्स्ट युजर कॅम्पेन' म्हणजे माणूस आयुष्यात पहिल्यांदा साइटवर कुठल्या कॅम्पेनमधून आला ते. 'सेशन कॅम्पेन' म्हणजे ही विशिष्ट भेट कुठल्या कॅम्पेनमुळे झाली ते.

समजा, डोंबिवलीच्या एक काकू २५ मार्चला इन्स्टाग्रामवरची तुमची पाडव्याची जाहिरात पाहून साइटवर आल्या. भाव पाहिला, 'अजून महाग आहे' म्हणाल्या, गेल्या. ५ एप्रिलला गुगलवर तुमचे नाव शोधून परत आल्या आणि दोन पेट्या घेतल्या. आता हीच विक्री तीन सेगमेंटमधून पाहू.

सेशन सेगमेंट, अट 'सेशन कॅम्पेन पाडवा': यात काकूंची २५ मार्चची भेट येईल, खरेदी येणार नाही, कारण खरेदीची भेट शोधातून झाली. युजर सेगमेंट, अट तीच: यात काकूच आत आल्या, त्यामुळे तारखेच्या कक्षेत बसणाऱ्या त्यांच्या सगळ्या भेटी आल्या, खरेदीसकट. युजर सेगमेंट, अट 'फर्स्ट युजर कॅम्पेन पाडवा': काकू नव्या असतील तर खरेदी येईल. पण त्या मागच्या वर्षी तुमच्याकडून आंबापोळी घेऊन गेल्या असतील, आणि त्यांचा फोन-ब्राउझर तोच असेल, तर त्यांची 'पहिली भेट' तेव्हाच नोंदली गेली. या वर्षीचे पाडवा कॅम्पेन त्यांच्या बाबतीत शून्य.

तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो, जाहिरात पाहून त्याच बैठकीत किती विकले गेले. दुसरा सांगतो, जाहिरातीने ज्यांना गाठले त्यांनी एकूण किती घेतले (त्यात जाहिरातीशिवायही घेतले असते असे लोक आलेच). तिसरा सांगतो, जाहिरातीने किती नवे गिऱ्हाईक आणले. आंब्यासारख्या धंद्यात जुने गिऱ्हाईक दर वर्षी परत येते, त्यामुळे तिसरा आकडा नेहमी केविलवाणा दिसतो आणि मालकाला वाटते जाहिरात वाया गेली. म्हणून एडिट करायला बसण्याआधी प्रत्येक सेगमेंटखाली एक वाक्य लिहा: हा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर तो सेगमेंट डिलीटच्या यादीत.

दुसरी जागा जिथे हमखास चूक होते ती म्हणजे नावांची जुळणी. अट अशी लिहिलेली असते: कॅम्पेनच्या नावात 'आंबा' आहे. छान. मग जुलैत कोणी तरी 'आंबापोळी_पावसाळा' नावाचे कॅम्पेन काढतो आणि तेही मुकाट्याने हापूसच्या आकड्यात जाऊन बसते. उलटही होते. यूटीएमची (जाहिरातीच्या लिंकला जोडलेल्या खुणांतली) नावे बहुतेक जण इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि 'हापूस' हा शब्द इंग्रजीत लिहिण्याच्या किमान चार तऱ्हा मी एकाच क्लायंटकडे पाहिल्या आहेत: एक ए, दोन ए, 'पू'ला यू, 'पू'ला दोन ओ. वर, पहिले अक्षर मोठे लिहिले की लहान, यानेही जीए४ ला ती दोन वेगळी कॅम्पेन वाटतात. रेगेक्स (चिन्हांत लिहिलेली जुळणीची अट) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: जीए४ च्या आधीच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये नावाचा तुकडा जुळला तरी चालत असे, जीए४ च्या सेगमेंटमध्ये पूर्ण नाव जुळावे लागते. जुनी अट तशीच्या तशी आणून चिकटवली आणि सेगमेंट रिकामा दिसला, तर बहुधा हेच कारण. दोन्ही बाजूंना टिंब आणि तारा लावा, म्हणजे .* हे चिन्ह.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सेगमेंट दुरुस्त करता येतो, पण एकदा गोळा झालेले कॅम्पेनचे नाव दुरुस्त करता येत नाही. आज लिंकमधले स्पेलिंग सुधारले तर आजपासूनची नावे सुधारतील, मार्चमधली चुकीची नावे चुकीचीच राहतील. त्यामुळे सेगमेंटमध्ये त्या सगळ्या चुकीच्या तऱ्हा 'किंवा' लावून घ्याव्याच लागतात. हे जर दर वेळी करायला लागत असेल तर कस्टम चॅनल ग्रुप (भेटींचे आपल्या नियमांनी केलेले गट) बनवण्याचा विचार करा. त्याचे नियम मागच्या डेटालाही लागू होतात, त्यामुळे एकदा नीट बसवले की नेहमीच्या रिपोर्टमध्येही वापरता येते.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकला यूटीएम लावले नसेल, तर त्या भेटी बहुतेक 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे कुठून आल्या ते कळत नाही अशांत, जमा होतात. सेगमेंट कितीही हुशारीने लिहिला तरी त्या तिथून बाहेर काढता येत नाहीत. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर थेट घेतलेल्या ऑर्डरी तर ॲनालिटिक्सला दिसतच नाहीत. आंब्याच्या धंद्यात तो भाग मोठा असतो, हे रिपोर्टच्या वरच एका ओळीत लिहून ठेवत जा.

डिलीटकडे येऊ. एक्सप्लोरेशनमधला सेगमेंट डिलीट केला तर जाते काय? फक्त अट. पण ती अटच तर महत्त्वाची असते. १ जुलै २०२३ ला साध्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने नवा डेटा घेणे थांबवले आणि १ जुलै २०२४ पासून जुना डेटा पाहणेही बंद झाले. त्या वर्षभरात बऱ्याच जणांनी आकडे उतरवून घेतले, तेही घाईघाईत, शेवटच्या आठवड्यात. सेगमेंटच्या अटी उतरवून घेणारे फार थोडे. आज माझ्याकडे एका क्लायंटच्या २०२१ च्या दिवाळीचा आकडा आहे, सेगमेंटचे नाव आहे 'दिवाळी फायनल नवा २', आणि त्यात काय मोजले होते ते मला देवाला विचारावे लागेल. तो आकडा आता कशाशी ताडायचा?

म्हणून डिलीट करण्याआधी अटींचे स्क्रीनशॉट काढा, नाही तर शीटमध्ये शब्दांत लिहा. माझ्या शीटमध्ये फार काही नसते: सेगमेंटचे नाव, जात (युजर, सेशन की इव्हेंट), अट सरळ मराठीत, कोणत्या रिपोर्टमध्ये वापरला, कधी बनवला, कधी बंद केला, का बंद केला. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. 'का' लिहिलेले नसेल तर दोन वर्षांनी कोणी तरी तोच चुकीचा सेगमेंट नव्या उत्साहाने परत बनवतो. बहुतेक वेळा तो कोणी तरी मीच असतो.

सगळ्या 'डिलीट'चा अर्थ सारखा नसतो, हेही सांगायला हवे, कारण एकाच बैठकीत चार सॉफ्टवेअरांची साफसफाई करायची हौस अनेकांना येते. गुगल ॲड्समध्ये कॅम्पेन 'रिमूव्ह' केले तरी ते खऱ्या अर्थाने जात नाही. फिल्टर बदलला की काढलेली कॅम्पेन आकड्यांसकट दिसतात, पण ती पुन्हा चालू करता येत नाहीत. पुढच्या हंगामात लागण्याची थोडी जरी शक्यता असेल तर 'पॉज' करा, रिमूव्ह नको. मेलचिंपसारख्या ईमेलच्या साधनात सेगमेंट डिलीट केला तर त्यातली माणसे यादीतून जात नाहीत, फक्त तो गट मोडतो. लुकर स्टुडिओत (तक्ते-आलेखांचे रिपोर्ट बनवायचे गुगलचे साधन) फिल्टर काढताना आधी फिल्टरची यादी उघडा. तो रिपोर्टमध्ये किती ठिकाणी लावलाय ते तिथे दिसते. न पाहता काढला तर तक्ता रिकामा होत नाही, उलट अचानक फुगतो, कारण चाळणीच निघून गेली. फुगलेला आकडा पाहून खूश झालेला क्लायंट हा दुःखी क्लायंटपेक्षा जास्त त्रासदायक असतो.

सगळ्यात जपून वागायचे ते जीए४ मधल्या ऑडियन्सशी, म्हणजे अटीत बसणाऱ्या माणसांच्या गटाशी. सेगमेंट बनवतानाच 'ऑडियन्स बनवा' असा पर्याय दिसतो, आणि पुष्कळ जण दोन्ही एकच समजून त्यावर टिक करतात. दोन्ही एक नाहीत. सेगमेंट मागे वळून जुना डेटा चाळतो. ऑडियन्स मात्र मुख्यतः बनवल्यापासून पुढे भरत जाते, तिच्यातल्या माणसांना ठरावीक मुदत असते (जास्तीत जास्त ५४० दिवस) आणि गुगल ॲड्सचे खाते जोडलेले असेल तर ती जाहिराती दाखवायला वापरली जाते. म्हणजे ही नुसती चाळणी नाही, हिच्यावर पैसे खर्च होत असतात. ऑडियन्सचे नाव आणि वर्णन बदलता येते, अटी बदलता येत नाहीत. अट चुकली तर नवी बनवावी लागते, आणि ती पुन्हा भरायला वेळ लागतो. काढायची झाली तर ती 'अर्काइव्ह' होते. या शब्दावर जाऊन ती कपाटात ठेवली आणि हवी तेव्हा काढली असे समजू नका. परत चालू करता येईल असे गृहीत धरून हे बटण कधीच दाबू नये. आधी जाहिरातीच्या खात्यात पाहा, कुठले चालू कॅम्पेन या ऑडियन्सवर उभे आहे का, तिथून ती सोडवा, आणि मगच अर्काइव्ह करा. साध्या, मोफत प्रॉपर्टीत (ॲनालिटिक्समधला तुमच्या साइटचा कप्पा) १०० ऑडियन्सची मर्यादा आहे. छोट्या व्यवसायाला ती पुरून उरते, त्यामुळे जागा करण्यासाठी घाईने काढण्याचे कारण नसते.

तुमच्या ढिगाचे काय करायचे ते आता सांगतो. एका दिवसात सगळे साफ करू नका. पहिल्या दिवशी काहीही डिलीट न करता फक्त शीट भरा. ज्यांचे एका वाक्यातले उत्तर लिहिता येत नाही त्यांच्या नावाआधी 'काढायचा' असे लिहा आणि महिनाभर थांबा. या महिन्यात कोणी तरी विचारेल, 'अरे, तो अमुक रिपोर्ट कुठे गेला?' विचारलेच नाही, तर काढा. जे दुरुस्त करायचेत त्यांच्या प्रती काढा आणि जुना-नवा दोन्ही एकाच तारखांवर शेजारी लावून पाहा. एका वेळी चार सेगमेंट लावता येतात, त्यामुळे हे सोपे आहे. फरक किती पडला आणि कशाने, हे एका ओळीत समजावता आले तरच नवा वापरायला घ्या. फरक खूप मोठा दिसला तर आधी तुमच्या नव्या अटीवर संशय घ्या, जुन्यावर नंतर.

आणि आंब्याच्या हंगामाची एक खास अडचण, जी सेगमेंट कितीही नीट लिहिला तरी सुटत नाही. एक्सप्लोरेशनमध्ये किती जुना डेटा चाळता येतो याला मुदत असते: मूळ सेटिंग २ महिन्यांचे, साध्या प्रॉपर्टीत ते वाढवून १४ महिने करता येते. ॲडमिनमध्ये डेटा रिटेन्शन नावाखाली आहे. तुम्ही ते कधी बदलले नसेल तर मागच्या हंगामाचे सेगमेंट उघडल्यावर रिकामे दिसतील आणि तुम्हाला वाटेल अटच चुकली. अट ठीक आहे, कोठारच रिकामे आहे. असे रिकामे सेगमेंट दिसले म्हणून डिलीट करू नका. आज १४ महिने केले तरी आधी पुसलेला डेटा परत येणार नाही, पण पुढचा तरी राहील. नेहमीच्या तयार रिपोर्टना ही मुदत लागू नाही, त्यामुळे जुन्या हंगामाचे ढोबळ आकडे तिथे मिळतात. सेगमेंट लावून बारकाईने मात्र पाहता येत नाही.

१४ महिने हेही पुरेसे वाटतात तेवढे नाहीत. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला होता आणि अक्षय्य तृतीया १० मेला. २०२५ ला पाडवा ३० मार्चला आला, अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. दोन्ही वर्षी मधले दिवस ३१च, पण महिना सरकला. मार्चची मार्चशी तुलना केली तर २०२५ चा मार्च उगाच भरघोस दिसतो, कारण पाडव्याच्या आधीची गर्दी त्यात आली. म्हणून तारखा महिन्यांनी न लावता सणापासून मोजून लावा: पाडव्याआधीचे १५ दिवस, पाडवा ते अक्षय्य तृतीया, त्यानंतरचे. आणि ही तुलना हंगाम चालू असतानाच, मेच्या मध्यापर्यंत करून टाका. जूनच्या अखेरीस निवांतपणे बसलात, तर १४ महिने मागे मोजल्यावर मागच्या वर्षीचा एप्रिलच हातातून निसटलेला असेल, आणि पाडव्याचा सेगमेंट कोणीही डिलीट न करता रिकामा झालेला असेल.